विश्लेषण : खाणकामाचे पाठ्यपुस्तक खाणीवरच्या आरोपांनीच का सुरू होते? साडेचारशे वर्षांनंतरही अ‍ॅग्रिकोला का वाचले जातात?

अनेक मोबाइलच्या बॅटरीत लिथियमसोबत कोबाल्ट असतो. स्क्रीनला बोटाचा स्पर्श कळतो, त्यामागे इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. यातल्या बऱ्याच गोष्टींचा धागा एकाच डोंगररांगेशी जाऊन जुळतो. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवरची ही रांग म्हणजे एर्त्सगेबिर्ग, अर्थात धातूचे डोंगर. कोबाल्टला त्याचे नाव इथल्या खाणकामगारांच्या बोलीतून मिळाले. इंडियमचा शोध १८६३ मध्ये याच भागातल्या फ्रायबर्ग गावी लागला. लिथियमचा मोठा साठा आजही इथल्या डोंगरांखाली आहे. याच डोंगरांत जवळपास पाचशे वर्षांपूर्वी एक डॉक्टर खाणकामगारांवर उपचार करण्यासाठी आला आणि पुढे खाणशास्त्राचा सर्वांत मोठा शिक्षक ठरला. त्यांचे नाव गेओर्गियस अ‍ॅग्रिकोला.

सध्या जगभर महत्त्वाच्या खनिजांसाठी धावपळ सुरू आहे. भारताने २०२३ मध्ये अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली. युरोपीय संघाचा कच्च्या मालाबाबतचा कायदा २०२४ मध्ये लागू झाला. खाणी वाढणार, तशी त्या चालवणारी माणसेही लागणार. म्हणूनच खाणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना आता फक्त दगड, स्फोटके आणि यंत्रे शिकवून भागत नाही. पाणी, आरोग्य, कायदा आणि खाणीशेजारी राहणाऱ्यांचे हक्क हेही शिकवले जाते. याला जबाबदार खाणकाम म्हणतात. शब्द नवा आहे, पण विषय किती जुना आहे हे अ‍ॅग्रिकोला यांच्या आयुष्यावरून कळते.

कोण होते अ‍ॅग्रिकोला?

त्यांचा जन्म २४ मार्च १४९४ रोजी सॅक्सनीतल्या ग्लाउखाऊ गावात झाला. मूळ नाव गेओर्ग बाउअर. जर्मन भाषेत बाउअर म्हणजे शेतकरी. त्या काळी विद्वान मंडळी आपल्या नावाचे लॅटिन रूप करून घेत. लॅटिनमध्ये शेतकऱ्याला अ‍ॅग्रिकोला म्हणतात, म्हणून बाउअर यांचे अ‍ॅग्रिकोला झाले.

त्यांची सुरुवात खाणीपासून फार दूर झाली. १५१४ मध्ये ते लाइपझिग विद्यापीठात दाखल झाले. तिथे ग्रीक आणि लॅटिन शिकून ते त्सविकाऊ शहरात शिक्षक झाले. ग्रीक शिकवणाऱ्या शाळेचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. १५२० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक लॅटिन व्याकरणाचे होते. विषय सोपा करून, पायरीपायरीने मांडायची शिक्षकाची सवय त्यांना इथेच लागली असावी. ती पुढे त्यांच्या प्रत्येक पुस्तकात दिसते.

त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. १५२३ च्या सुमारास ते इटलीला गेले. तिथे वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच व्हेनिसमधल्या प्रसिद्ध अल्डस छापखान्यासाठी प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन यांच्या ग्रंथांच्या संपादनात त्यांनी काम केले. १५२६ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी नोकरीसाठी योआखिमस्थाल गावी पोहोचले.

डॉक्टर खाणीत कसा उतरला?

योआखिमस्थाल म्हणजे आजचे चेक प्रजासत्ताकातले याखिमोव्ह. १५१६ च्या सुमारास इथे चांदी सापडली आणि काही वर्षांतच डोंगरातल्या दरीत हजारोंची वस्ती उभी राहिली. या चांदीची नाणी पाडली जाऊ लागली. योआखिमस्थालची म्हणून ती योआखिमस्थालर, मग नुसती थालर झाली. आजच्या डॉलरचे नाव याच शब्दातून आले आहे.

अ‍ॅग्रिकोला इथे शहराचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे येणारे रुग्ण म्हणजे खोकणारे, सांधे आखडलेले, हातापायांना जखमा झालेले खाणकामगार. हे आजार समजून घ्यायचे तर ती माणसे कुठे आणि कशी काम करतात हे पाहणे भाग होते. शिवाय गॅलेन आणि इतर प्राचीन वैद्यांच्या ग्रंथांत औषधी खनिजांची नावे होती, पण ती खनिजे नेमकी कोणती हे युरोपातल्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. ती या खाणींत सापडतील असे अ‍ॅग्रिकोला यांना वाटले. मग मोकळा वेळ मिळाला की ते खाणीत उतरत, धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांवर जात आणि कामगारांशी बोलत. खाणी त्यांना आतून माहीत झाल्या त्या अशा.

यातूनच १५३० मध्ये ‘बेर्मानुस’ हे छोटे पुस्तक आले. योआखिमस्थालच्या डोंगरात फिरताना एक खाणतज्ज्ञ आणि दोन डॉक्टर यांच्यात चाललेला हा संवाद आहे. त्यातला खाणतज्ज्ञ गावातल्याच एका जाणकारावर बेतलेला होता. त्या काळचे युरोपातले सर्वांत मोठे विद्वान इरॅस्मस यांनी त्याला जोडपत्र लिहिले. हातात हातोडा घेणाऱ्या माणसाकडून डॉक्टर शिकतात, ही मांडणीच त्या काळात वेगळी होती.

कोबाल्टचे भूत काय होते?

एर्त्सगेबिर्गच्या खाणींत एक खनिज वारंवार मिळे. दिसायला ते चांदीच्या कच्च्या धातूसारखे, पण भट्टीत घातले की चांदी निघत नसे. उलट विषारी धूर निघे. ओल्या खाणीत ते हाताळणाऱ्यांच्या हातापायांची कातडी सोलवटून निघे. चांगली चांदी चोरून हा खोटा माल ठेवणारे भूत म्हणजे कोबोल्ड, असा कामगारांचा समज होता. त्यावरून खनिजाला कोबाल्ट नाव पडले. त्रासाचे खरे कारण होते त्यात मिसळलेले आर्सेनिक.

अ‍ॅग्रिकोला यांनी या खनिजाची नोंद केली आणि त्याचा त्रासही लिहून ठेवला. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. कोपरापर्यंत येणारे हातमोजे आणि उंच बूट. आजच्या भाषेत याला सुरक्षा साधने म्हणतात.

खाणीतल्या भुतांवर त्यांचा विश्वास अजिबात नव्हता असे मात्र नाही. १५४९ मध्ये जमिनीखालच्या प्राण्यांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी खाणीतल्या पिशाच्चांनाही जागा दिली. ते आपल्या काळाचेच होते. फरक इतकाच, की भुताचा उल्लेख केल्यावरही हातमोजे घालायला सांगायला ते विसरले नाहीत.

मोठे पुस्तक कसे तयार झाले?

१५३१ च्या सुमारास अ‍ॅग्रिकोला केम्निट्झ शहराचे डॉक्टर म्हणून गेले आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत तिथेच राहिले. १५४६ मध्ये भूगर्भातल्या पदार्थांवरची त्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यातल्या एकात त्यांनी खनिजांची वर्गवारी रंग, वजन, चमक, आकार, पारदर्शकता, चव, वास अशा प्रत्यक्ष तपासता येणाऱ्या गुणांवरून केली. तोवर बहुतेक पुस्तकांत खनिजांची यादी वर्णानुक्रमे किंवा त्यांच्या जादुई गुणांनुसार असे. त्यामुळेच पुढे त्यांना खनिजशास्त्राचे जनक म्हटले गेले.

पण ज्या पुस्तकाने त्यांचे नाव कायमचे झाले ते म्हणजे ‘दे रे मेटालिका’, म्हणजे धातूंविषयी. बारा भागांच्या या ग्रंथावर त्यांनी जवळपास वीस वर्षे काम केले. त्याआधी खाणींवर छोट्या पुस्तिका होत्या. धातुकामावर इटलीच्या बिरिंगुचो यांचे पुस्तकही १५४० मध्ये आले होते. मात्र खनिजाची शीर शोधण्यापासून हद्दीची मोजणी, उभ्या विहिरी आणि बोगदे, पाणी उपसण्याची यंत्रे, धातूची तपासणी, दगड कुटणे-धुणे, वितळवणे, सोने-चांदी वेगळे करणे आणि शेवटी मीठ, तुरटी, गंधक, काच असे सगळे एका जागी कोणीच दिले नव्हते.

आपण स्वतः पाहिलेले किंवा भरवशाच्या माणसांकडून कळलेलेच लिहीत आहोत, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. किमयागार मुद्दाम गूढ भाषेत लिहितात, यावर त्यांनी टीका केली. नुसत्या शब्दांनी पुढच्या पिढ्यांना यंत्रे समजणार नाहीत म्हणून त्यांनी पदरचे पैसे खर्चून चित्रे काढून घेतली. पुस्तकात अशी जवळपास २९० लाकडी ठशांची चित्रे आहेत. त्यांत घोड्यांनी फिरणारे रहाट आहेत, खाणीत हवा ढकलणारे भाते आहेत, शिडीवरून उतरणारी माणसे आहेत आणि टेबलाशी बसून दगड निवडणाऱ्या बायकाही आहेत. चित्रातल्या प्रत्येक भागाला अक्षर आणि खाली त्याचा खुलासा, ही आजच्या अभियांत्रिकी पुस्तकांची पद्धत इथे पूर्ण रूपात दिसते.

आपल्याकडे पाणाडे काठी किंवा नारळ घेऊन विहिरीची जागा सांगतात. तिकडे हेझलच्या झाडाची दुबेळकी फांदी घेऊन धातूची शीर शोधणारे लोक होते. अ‍ॅग्रिकोला यांनी त्यांचे चित्र दिले, त्यांची बाजू सांगितली आणि नंतर लिहिले की शहाण्या खाणकऱ्याला फांदीची गरज नाही, जमिनीच्या खुणा वाचता आल्या म्हणजे पुरे.

पुस्तक आरोपांनीच का सुरू होते?

इतक्या तांत्रिक पुस्तकाचा पहिला भाग मात्र वेगळाच आहे. त्यात यंत्र नाही की नकाशा नाही. खाणकाम असावे की नसावे, यावरचा तो वाद आहे. आणि अ‍ॅग्रिकोला यांनी विरोधकांचे म्हणणे आधी, सविस्तर मांडले आहे.

त्यातले मुख्य आरोप असे :

- खाणीमुळे शेते उद्ध्वस्त होतात. याच कारणासाठी पूर्वी इटलीत सुपीक जमिनीवर खोदायला कायद्याने मनाई होती.

- खाणीतले आधार, यंत्रे आणि भट्ट्या यांना लाकूड संपता संपत नाही. त्यामुळे जंगले तुटतात, आणि जंगल गेले की पक्षी आणि प्राणीही जातात.

- कच्ची धातू धुतलेले पाणी ओढ्या-नद्यांना विषारी करते. मासे मरतात किंवा तिथून निघून जातात.

- शेवटी त्या भागातल्या लोकांना रोजच्या गरजेच्या वस्तूही मिळेनाशा होतात. म्हणजे धातूतून जे मिळते त्यापेक्षा नुकसान मोठे.

याशिवाय धातूमुळे लोभ वाढतो, शस्त्रे बनतात, युद्धे होतात, कामगार जिवाला मुकतात हेही आरोप आहेत. आजच्या एखाद्या खाण प्रकल्पाच्या जनसुनावणीत उठणारे मुद्दे यापेक्षा फार वेगळे नसतात.

अ‍ॅग्रिकोला स्वतः खाणीच्या बाजूचे होते. आबेर्थामजवळच्या एका चांदीच्या खाणीत त्यांचा हिस्साही होता. म्हणजे त्यांचा आर्थिक संबंध उघड होता. तरीही समोरच्याची बाजू त्यांनी हलकी करून मांडली नाही. आरोप लपवला तर उत्तरालाही किंमत राहत नाही, हे या शिक्षकाला कळत होते.

त्यांचे उत्तर कुठे टिकले, कुठे तोकडे पडले?

त्यांचे मुख्य उत्तर आजही टिकून आहे. धातू नसेल तर नांगर नाही, कुऱ्हाड नाही, घर नाही, औषध नाही. धातूशिवाय माणूस जनावरासारखा रानात राहील. धातू वाईट नाही, तो वाईट कामाला वापरणारा माणूस वाईट, असाही त्यांचा युक्तिवाद होता.

पण पर्यावरणाच्या आरोपांवरची त्यांची उत्तरे कच्ची आहेत. खाणी बहुतेक करून नापीक डोंगरांत आणि अंधाऱ्या दऱ्यांत असतात, त्यामुळे शेतीचे नुकसान फारसे नाही, असे ते सांगतात. जंगल तोडल्यावर मोकळी झालेली जमीन पेरता येते, असेही ते म्हणतात. आणि पक्षी, प्राणी, मासे कमी झाले तर धातू विकून आलेल्या पैशांतून ते दुसरीकडून विकत आणता येतात, असा त्यांचा हिशेब आहे.

इथे एक प्रश्न सुटून जातो. पैसा खाणमालकाच्या हाती येतो आणि मासे ओढ्याकाठच्या माणसाचे जातात. त्याच्या हाती तो पैसा पोहोचणार कसा, हे अ‍ॅग्रिकोला सांगत नाहीत. जंगल आणि प्राणी यांची किंमत पैशांत भरून निघते, हे त्यांनी धरून चालले. पुढच्या चार-साडेचार शतकांत खाणींवरून जे वाद झाले, त्यांतले बरेचसे याच मोकळ्या राहिलेल्या जागेत झाले.

कामगारांबद्दल त्यांनी काय लिहिले?

सहाव्या भागात यंत्रांच्या जोडीला आजार येतात. इथे त्यांच्यातला डॉक्टर जागा होतो. खाणीतल्या थंड पाण्याने सांधे जातात. कोरड्या खाणीतली धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते, दम लागतो, पुढे फुफ्फुस सडते. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींजवळ सात-सात नवरे गमावलेल्या स्त्रिया आहेत, कारण प्रत्येकाला या छातीच्या रोगाने ऐन तारुण्यात नेले, ही त्यांची नोंद आजही औद्योगिक आरोग्याच्या पुस्तकांत सांगितली जाते. गोस्लारजवळच्या रामेल्सबर्ग डोंगरात पूर्वी खाण कोसळून एकाच दिवशी सुमारे ४०० बायकांचे नवरे गेले, हेही त्यांनी लिहिले आहे.

उपाय म्हणून ते चेहऱ्यावर सैल कापड बांधायला सांगतात. हवा खेळती राहण्यासाठी पंखे, भाते आणि वाऱ्याची दिशा पकडणारी झडपे यांची चित्रे देतात. खडक फोडायला आग लावली असेल तर विषारी धूर निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरू नये, असे बजावतात.

कामाच्या पाळ्यांबद्दलही त्यांनी लिहिले आहे. दिवसाच्या तीन पाळ्या, प्रत्येकी सात तासांच्या. उरलेला वेळ येण्याजाण्याचा. गरज असल्याखेरीज रात्रपाळी नको. एकाच माणसाने लागोपाठ दोन पाळ्या करू नयेत, कारण थकलेला माणूस खाणीतच झोपतो. मजुरी कमी पडते म्हणून काही जण तरीही दोन पाळ्या करतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

खाणकऱ्याला काय काय यायला हवे?

पहिल्याच भागात अ‍ॅग्रिकोला खाणकऱ्याने शिकायच्या विषयांची यादी देतात. भूगर्भातल्या वस्तू कशा तयार होतात हे कळण्यासाठी निसर्गाचे तत्त्वज्ञान. कामगारांची काळजी घेता यावी म्हणून वैद्यक. दिशा समजण्यासाठी खगोल. खोली आणि अंतर काढण्यासाठी मोजणी. खर्चाचा हिशेब मांडण्यासाठी अंकगणित. बांधकाम, चित्रकला आणि शेवटी कायदा. कायदा कशासाठी? आपला हक्क सांगता यावा आणि दुसऱ्याचा हिरावून घेतला जाऊ नये यासाठी.

खाण म्हणजे अडाणी माणसाचे, नशिबाचे आणि घामाचे काम, असा तेव्हा समज होता. त्याला उत्तर म्हणून ही यादी आली. एका माणसाला हे सगळे येणार नाही हे त्यांनाही माहीत होते. पण यातला एकही विषय वगळून खाण चालवता येणार नाही, हे त्यांनी १५५६ मध्ये छापून ठेवले. त्यात वैद्यक आणि कायदा होते, ही आज सर्वांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

शेवट कसा झाला?

१५४६ मध्ये अ‍ॅग्रिकोला केम्निट्झचे महापौर झाले. पुढे आणखी तीनदा हे पद त्यांच्याकडे आले. सॅक्सनीचे शासक मोरित्स यांनी त्यांच्यावर राजकीय कामेही सोपवली. ते कॅथलिक होते आणि शहर प्रोटेस्टंट झाले होते. धर्मावरून युद्धे चालू असलेल्या त्या काळात शहराने आपला कारभार त्यांच्या हाती दिला, यावरून त्यांच्याबद्दलचा विश्वास कळतो. १५५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लेगची साथ आली तेव्हा ते रुग्णांवर उपचार करत होते. १५५४ मध्ये त्यांनी प्लेगवर पुस्तकही लिहिले.

‘दे रे मेटालिका’ १५५० मध्येच लिहून झाले होते. चित्रांच्या ठशांसाठी आणखी काही वर्षे गेली. अखेर २१ नोव्हेंबर १५५५ रोजी अ‍ॅग्रिकोला यांचे निधन झाले. पुस्तक बाझेलच्या फ्रोबेन छापखान्यातून बाहेर पडले ते त्यानंतर चार महिन्यांनी, मार्च १५५६ मध्ये. ते हातात घेणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मृत्यूनंतर मात्र धर्म आडवा आला. ज्या शहराचे महापौरपद त्यांनी चार वेळा भूषवले, त्या केम्निट्झने कॅथलिक माणसाला दफनासाठी जागा नाकारली. त्यांचा देह त्साइट्स शहरात नेण्यात आला. तिथले बिशप आणि त्यांचे मित्र युलियस फॉन फ्लुग यांच्यामुळे तिथल्या कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन झाले.

त्यांच्यानंतर काय झाले?

पुढची जवळपास दोन शतके हेच पुस्तक खाणींचे प्रमाण पाठ्यपुस्तक राहिले. आणि त्यात जी उत्तरे तोकडी होती, ती शोधण्याचे काम त्याच डोंगरांत सुरू झाले.

पहिले उत्तर लाकडाचे. खाणी आणि भट्ट्यांनी जंगले खाऊन टाकली आणि लाकडाची टंचाई पडू लागली. फ्रायबर्गमध्ये खाणींचा कारभार पाहणारे हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स यांनी १७१३ मध्ये वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. जितके वाढेल तितकेच तोडा, म्हणजे जंगल टिकेल, असा त्याचा गाभा. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात, त्या कल्पनेचे मूळ अनेक जण या ग्रंथात पाहतात.

दुसरे उत्तर शिक्षणाचे. १७६५ मध्ये फ्रायबर्ग इथे खाण अकादमी सुरू झाली. आज सुरू असलेल्या खाण विद्यापीठांत ती जगातली सर्वांत जुनी मानली जाते. इंडियम आणि नंतर १८८६ मध्ये जर्मेनियम या दोन्ही मूलद्रव्यांचे शोध याच संस्थेतल्या संशोधकांचे.

तिसरे उत्तर फुफ्फुसांचे, आणि ते फार उशिरा आले. अ‍ॅग्रिकोला यांनी वर्णन केलेला छातीचा रोग एर्त्सगेबिर्गमध्ये पुढेही माणसे नेत राहिला. १८७९ मध्ये श्नेबेर्गच्या कामगारांचा अभ्यास करून दोन डॉक्टरांनी दाखवले की हा फुफ्फुसाचा कर्करोगासारखा रोग आहे. त्यामागे खाणीतला किरणोत्सारी रेडॉन वायू आहे हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम ज्या खनिजातून शोधले, ते पिचब्लेंड योआखिमस्थालच्याच खाणीतले होते. चेहऱ्यावरचे कापड धूळ थोडीफार अडवते, वायू अडवत नाही. नोंद अचूक होती, पण उपाय पुरेसा नव्हता.

१९१२ मध्ये या पुस्तकाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर आले. ते करणाऱ्या लू हेन्री हूवर यांनी स्टॅनफर्डमध्ये भूगर्भशास्त्राची पदवी घेतली होती आणि त्यांचे पती हर्बर्ट हूवर खाण अभियंता होते. पुढे १९२९ मध्ये हेच हर्बर्ट हूवर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. अनेक यंत्रांना लॅटिनमध्ये शब्दच नसल्याने अ‍ॅग्रिकोला यांनी ते स्वतः घडवले होते. त्यामुळे या दोघांना शब्दकोशापेक्षा खाणीचे ज्ञान जास्त उपयोगी पडले.

आजच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला यातून काय मिळते?

चांदीच्या खाणी थंडावल्या तरी एर्त्सगेबिर्गचे महत्त्व संपलेले नाही. २०१९ मध्ये या खाणप्रदेशाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. सीमेवरच्या चिनोवेत्स-त्सिनवाल्ड भागात, जिथे पूर्वी कथिल काढत, तिथेच आता लिथियमच्या खाणींची तयारी चालली आहे. म्हणजे खाण हवी की नको, हा वाद तिथे पुन्हा सुरू झाला आहे.

ओढ्यातल्या विषारी पाण्याचा आरोपही जुना झालेला नाही. धातू काढून उरलेला गाळ साठवण्यासाठी धरणे बांधतात. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथे असे धरण फुटून २७० जणांचा बळी गेला. त्यानंतर २०२० मध्ये अशा धरणांसाठी जागतिक मानके ठरली. कोबाल्टचेही तसेच. जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट आज काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तिथल्या हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत मुलेही काम करताना आढळली आहेत. हातमोजे आणि उंच बूट ही अ‍ॅग्रिकोला यांनी सांगितलेली साधनेही तिथल्या अनेकांना मिळत नाहीत.

त्यामुळे जबाबदार खाणकाम शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी हे पुस्तक फक्त इतिहास नाही. त्यातून तीन गोष्टी थेट शिकवता येतात. प्रकल्पाविरुद्धचे सर्वांत बळकट म्हणणे आधी स्वतः मांडा. डॉक्टर, मोजणीदार आणि वकील यांना नंतर बोलावण्याऐवजी सुरुवातीपासून बरोबर घ्या. आणि आपल्या उत्तरात नुकसान कोणाचे आणि भरपाई कोणाला, हा हिशेब नीट जुळतो का ते तपासा.

अ‍ॅग्रिकोला यांच्या विषयांच्या यादीत एकच विषय नव्हता. शेते गेली, मासे गेले असे सांगणारे लोक त्यांच्या पुस्तकात आहेत, पण त्यांना नाव नाही आणि निर्णयात वाटाही नाही. शेतकरी असा अर्थ असलेले नाव घेऊन लिहिणाऱ्या या विद्वानाने शेतकऱ्याची तक्रार प्रामाणिकपणे नोंदवली, पण निकाल स्वतःच दिला. खाण सुरू होण्याआधी तिथल्या लोकांना पूर्ण माहिती द्यायची आणि त्यांची संमती घ्यायची, हा धडा आता या विषयाच्या अभ्यासक्रमांत आला आहे. तो कागदावरून प्रत्यक्ष खाणीच्या तोंडापर्यंत पोहोचतो का, हे आज पीएचडी करणाऱ्या पिढीच्या कामावर अवलंबून आहे.